धाराशिवच्या खो-खोची आंतरराष्ट्रीय नोंद

धाराशिव जिल्हा बाहेरच्या वाचकाला ठाऊक असतो तो तुळजापूरच्या भवानीमुळे, नळदुर्गच्या किल्ल्यामुळे आणि पाऊस रुसला की वर्तमानपत्रांत हटकून येणाऱ्या टंचाईच्या बातम्यांमुळे. २०१८ मध्ये निती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते. नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्या जोडीला चौथे नाव होते उस्मानाबादचे, म्हणजेच आजच्या धाराशिवचे. विकासाच्या तक्त्यात तळाशी असलेल्या या जिल्ह्याने भारताच्या महिला खो-खो संघाला कर्णधार दिली, बावीस वर्षे अर्जुन पुरस्कारापासून दूर राहिलेल्या या खेळाला तो पुन्हा मिळवून दिला आणि २०२५ च्या पहिल्या विश्वचषकात विजेत्या ठरलेल्या भारतीय संघातही आपली खेळाडू पाठविली.

ही कामगिरी कागदावर मांडायला बसले, तर ती आश्चर्य वाटावे इतकी आटोपशीर भरते. सारिका काळे आणि अश्विनी शिंदे ही दोन ठळक नावे, दक्षिण आशियाई स्पर्धेचे एक सुवर्णपदक, एक विश्वचषक आणि एक अर्जुन पुरस्कार. राज्याच्या संघात ज्या जिल्ह्याच्या मुली वर्षानुवर्षे दिसत आल्या, त्याची आंतरराष्ट्रीय नोंद एवढीच का, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर जिल्ह्यात सापडत नाही. ते खो-खोच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात सापडते. खेळाडू होत्या, खेळायला स्पर्धाच नव्हत्या.

सोळा वर्षांचे रिकामे पान

खो-खोचे पहिले पद्धतशीर नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, हेही मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. देशातला पाया असा जुना आणि भक्कम. देशाबाहेरचा प्रवास मात्र रखडतच झाला. पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा कोलकात्यात १९९६ मध्ये झाली, दुसरी २००० मध्ये ढाक्यात. तिसरी भरायला २०१६ साल उजाडावे लागले. ती इंदूरला झाली.

मधल्या सोळा वर्षांचा अर्थ काय, हे खेळाडूच्या वयाच्या हिशेबाने पाहिले पाहिजे. खो-खोत मुलगी साधारण बारा-तेराव्या वर्षी मैदानावर येते आणि पंचविशी-तिशीच्या आत तिचा बहर संपतो. २००० मध्ये जी सतरा-अठरा वर्षांची होती, ती २०१६ मध्ये तिशी ओलांडून गेलेली होती. एक अख्खी पिढी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळत, चषक मिळवीत, ढाल उंचावीत निवृत्त झाली आणि तिच्या नावापुढे ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द लागला नाही. मराठवाड्यातील किती चांगल्या मुली या फटीत अडकल्या असतील, याची मोजदाद कोणत्याही नोंदवहीत नाही.

तुलनेसाठी फुटबॉलकडे पाहावे. आफ्रिका खंडातील विजेत्या क्लबांची स्पर्धा १९६४ पासून चालू आहे. कैरोच्या अल अहली या क्लबने ती २०२४ पर्यंत बारा वेळा जिंकली. हा आकडा मोठा आहेच. पण तो मोठा होऊ शकला, कारण हा दरवाजा हंगामागून हंगाम उघडत राहिला. एका वर्षी हरलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहू शकला. खो-खोपटूला ती सोय कधीच नव्हती. तिच्या आयुष्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धा एकदा येणार, फार तर दोनदा. त्या वेळी ती दुखापतग्रस्त असली किंवा घरच्या अडचणीत असली, तर खेळ संपला.

मातीतला खेळ

हा खेळ धाराशिवसारख्या जिल्ह्यात रुजला, त्याचे एक साधे कारण त्याच्या खर्चात आहे. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद जागा, दोन खांब, आखणीसाठी चुना आणि सपाट केलेली माती. बॅट नको, चेंडू नको, बूटही नसले तरी अडत नाही. एका वेळी आक्रमक संघाचे नऊ जण मैदानात असतात. आठ मध्य पाटीवर एकाआड एक तोंडे फिरवून बसलेले आणि नववा पाठलागावर. समोर तीन-तीनच्या तुकडीने येणारे संरक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडणारा आणि तरीही अतिशय बुद्धीचा असा हा खेळ आहे. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलण्याची मुभा नाही, पाटी ओलांडण्याची मुभा नाही. संरक्षकाला दोन्हींची आहे. म्हणून आक्रमकाचे सारे कसब खो कुणाला आणि कधी द्यायचा यात असते, तर संरक्षकाचे हुलकावणीत आणि श्वास राखण्यात.

प्रेक्षकाला सूर मारून खांबावर टिपलेला गडी आठवतो. जाणकार मात्र घड्याळाकडे पाहतात. एकेरी साखळी धरून, पाटीवरच्या खेळाडूंमधून नागमोडी वळणे घेत एखादी मुलगी तीन मिनिटे टिकली, तर प्रतिस्पर्ध्याच्या नऊ मिनिटांच्या पाळीचा तिसरा हिस्सा तिने एकटीने खाल्लेला असतो. वर्तमानपत्रांत खो-खोच्या निकालात खेळाडूच्या नावापुढे कंसात मिनिटे, सेकंद आणि टिपलेले गडी छापले जातात, ते त्यासाठीच. क्रिकेटच्या धावफलकाइतकीच ही बारीक अक्षरे बोलकी असतात, पण ती वाचणारा वाचक कमी.

गुवाहाटी, २०१६

सारिका काळे उस्मानाबादची. काका खो-खो खेळत. त्यांच्याबरोबर ती तेराव्या वर्षी मैदानावर आली. वडिलांना शारीरिक मर्यादांमुळे फारसे कमावता येत नव्हते, आई शिवणकाम आणि घरकामे करी, घर चालत होते ते आजी-आजोबांच्या मिळकतीवर. आपल्या खेळाच्या काळात जवळपास दहा वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळे, काही चांगले खायला मिळे ते शिबिराला गेल्यावर, असे तिने पुढे मुलाखतींत सांगितले. खेळाडूच्या आहाराविषयी आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ होतात. त्या व्याख्यानांत हे वाक्य बसवून पाहावे.

तिला घडविले ते प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी. २०१६ मध्ये घरच्या आर्थिक ओढगस्तीला कंटाळून सारिकाने खेळ सोडण्याचे ठरविले होते. समजूत निघाली आणि ती मैदानावर परतली. हा तपशील वाचताना तारखेकडे लक्ष द्यावे. ज्या वर्षाची एका पिढीने सोळा वर्षे वाट पाहिली, नेमके तेच हे वर्ष. तिचा निर्णय कायम राहिला असता, तर धाराशिवच्या नोंदीतील पहिली ओळच लिहिली गेली नसती.

बारावी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी आणि शिलाँग येथे झाली. या स्पर्धेत खो-खोचा पदकांसह समावेश प्रथमच झाला होता. भारतीय महिला संघाची कर्णधार होती सारिका काळे. भारताने सुवर्णपदक जिंकले. पुरुष संघानेही सुवर्ण आणले. खो-खोच्या इतिहासात या पदकाचे मोल खास आहे. आशियाई अजिंक्यपद ही खेळाच्या आपल्या संघटनांची स्पर्धा होती. दक्षिण आशियाई स्पर्धा मात्र अनेक खेळांची आणि राष्ट्रीय ऑलिंपिक समित्यांची. तिच्या पदकतक्त्यात खो-खो आल्यावर सरकारदरबारी या खेळाकडे पाहण्याची नजर थोडी बदलली.

थोडीच म्हणायचे, कारण अर्जुन पुरस्कार यायला आणखी चार वर्षे गेली. खो-खोला पहिला अर्जुन पुरस्कार १९७० चा, सुधीर परब यांना मिळालेला. त्यानंतर या खेळातील बऱ्याच जणांना तो मिळाला, पण १९९८ मध्ये शोभा नारायण यांच्यानंतर ही यादी थांबली. आंतरराष्ट्रीय कामगिरी नाही म्हणून पुरस्कार नाही, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा नाहीत म्हणून कामगिरी नाही, असे हे चक्र होते. २०२० मध्ये सारिका काळेच्या नावाने ते तुटले. करोनामुळे त्या वर्षी २९ ऑगस्टचा समारंभ दूरदृश्य पद्धतीने झाला. अर्जुन पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी पाच लाखांवरून पंधरा लाख रुपये करण्यात आली. तेव्हा सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती.

या नोकरीकडे पुरस्काराइतकेच लक्ष द्यायला हवे. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यात खेळाडूची पातळी पाहून पदाचा गट ठरतो आणि वरच्या गटासाठी आंतरराष्ट्रीय कामगिरीची अट येते. क्रिकेटपटूला ही अट पाहण्याची गरज पडत नाही. कोरडवाहू शेतीच्या किंवा मोलमजुरीच्या घरातून आलेल्या मुलीसाठी मात्र आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा कागद म्हणजे आयुष्याची दिशा. सोळा वर्षांच्या रिकाम्या पानाने पदके हुकविली, त्याहून अधिक असे कागद हुकविले.

पुढची दोन पावले

डिसेंबर २०१९ मध्ये नेपाळमध्ये झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक राखले. त्या संघाची कर्णधार दिल्लीची नसरीन शेख. तिलाही पुढे २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. चौथी आशियाई अजिंक्यपद स्पर्धा मार्च २०२३ मध्ये आसाममधील तामुलपूर येथे झाली आणि अंतिम सामन्यात भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरविले. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या आशियाई स्पर्धेतही सात वर्षांचे अंतर पडलेच.

दरम्यान पुरुषांसाठी अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग २०२२ मध्ये सुरू झाली. पहिला हंगाम पुण्यात बालेवाडीला झाला आणि ओडिशा जगरनॉट्सने अंतिम सामना अवघ्या एका गुणाने जिंकला. दूरचित्रवाणीवर खो-खो दिसू लागला, खेळाडूंना मानधन मिळू लागले. ही लीग मात्र केवळ पुरुषांची होती. ज्या खेळात धाराशिवचे नाव प्रामुख्याने मुलींनी केले, त्या खेळातील पैशाचा पहिला ओघ मुलींना वगळून वाहिला. त्याच वर्षी वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा उस्मानाबादमध्ये भरली. देशभरातील संघ या शहरात आले. शहराचे जुने नाव वागविणारी ही बहुधा शेवटची मोठी क्रीडा स्पर्धा असावी, कारण २०२३ मध्ये धाराशिव हे नाव अधिकृत झाले.

दिल्ली, २०२५

खो-खोचा पहिला विश्वचषक १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागारात झाला. तेवीस देश, पुरुषांचे वीस आणि महिलांचे एकोणीस संघ. पुरुषांचे कर्णधारपद प्रतीक वाईकरकडे, महिलांचे प्रियंका इंगळेकडे, दोघेही महाराष्ट्राचे. महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. सारिकाच्या सुवर्णपदकाला नऊ वर्षे होत आली होती. 

खेळही बदललेला होता. माती जाऊन मॅट आली होती. मैदानात नवाऐवजी सात आक्रमक, नऊ मिनिटांऐवजी सात मिनिटांच्या चार पाळ्या, गडी बाद झाल्यावर एकाऐवजी दोन गुण. संरक्षकांची तुकडी तीन मिनिटे टिकली की तिलाही गुण मिळू लागतात आणि त्यापुढे दर तीस सेकंदांना एकेक गुण वाढतो. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. जुन्या जाणत्यांना हा शब्द फारसा रुचत नाही. परंतु संरक्षणाला फलकावर जागा देणारी ही सुधारणा आहे, हे मान्य करावे लागते. पूर्वी तीन मिनिटे पळणाऱ्या मुलीची मेहनत केवळ कंसात राहायची. मॅटवर पाय घसरत नाही, वेग वाढतो. सूर मारताना मातीसारखे कोपर-गुडघे सोलवटत नाहीत, मात्र सांध्यांना बसणारे हिसके वेगळे असतात. मातीवर वाढलेल्या मुलीला मॅटवर उभे राहायला सराव लागतो आणि मॅट ही चुन्यासारखी स्वस्त वस्तू नव्हे.

भारतीय महिलांनी सलामीला दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरविले. नंतर इराणला १००-१६, मलेशियाला १००-२०. उपान्त्यपूर्व फेरीत बांगलादेशाविरुद्ध १०९-१६, उपान्त्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६६-१६. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे नमवून भारत पहिला विश्वविजेता ठरला. पुरुषांनीही अंतिम सामन्यात नेपाळलाच ५४-३६ असे हरविले.

विजयानंतर महाराष्ट्र शासनाने विश्वविजेत्या संघांतील राज्याच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. खो-खोच्या मानाने ही रक्कम अभूतपूर्व. तिचे मोल शेजारच्या राज्यात अधिक कळले. कर्नाटकच्या दोन विश्वविजेत्या खेळाडूंना त्यांच्या सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये देऊ केले, तेव्हा महाराष्ट्राचे उदाहरण देत त्यांनी ते नाकारले. एकाच संघातून खेळलेल्या, एकच चषक उचललेल्या मुलींच्या वाट्याला राज्याच्या सीमेमुळे इतका फरक यावा, हे विचित्रच. धाराशिवची मुलगी या वेळी सुदैवी बाजूला होती. २०१६ मध्ये याच जिल्ह्यातील भारतीय कर्णधार खेळ सोडायला निघाली होती, हे ध्यानात घेतले तर या रकमेची थोरवी वेगळी दिसते.

आता त्या निकालांकडे पुन्हा पाहू. सहा सामन्यांत भारतीय महिलांनी ६२८ गुण मिळविले आणि १२६ दिले. आकडे डोळे दिपविणारे आहेत. तथापि १७५-१८ हा निकाल खो-खोच्या प्रसाराविषयी जितके सांगतो, तितके भारतीय संघाच्या ताकदीविषयी सांगत नाही. समोरच्या काही संघांनी हा खेळ नुकताच हाती घेतला होता. मोठ्या फरकाने जिंकलेल्या सामन्यात आपल्या खेळाडूची परीक्षा होत नाही. राज्याच्या निवड चाचणीत पुणे, ठाणे, सांगली, मुंबई उपनगर येथील मुलींना मागे टाकून संघात शिरणे हे धाराशिवच्या मुलीसाठी यातील कित्येक आंतरराष्ट्रीय सामन्यांहून अवघड असते. आंतरराष्ट्रीय नोंद वाचताना ही अदृश्य फेरी जमेस धरावी लागते.

अपवाद नेपाळचा. अंतिम सामन्यात पहिल्या पाळीत भारताने ३४ गुण घेतले आणि सामना तेथेच संपला असे वाटले. पण दुसऱ्या पाळीत आक्रमणाला येताच नेपाळने २४ गुण वसूल केले. मध्यंतराला फरक ३५-२४ असा अकराच गुणांचा होता. तिसऱ्या पाळीत भारतीय आक्रमकांनी पुन्हा तुटून पडत गुणसंख्या ७३ वर नेली आणि शेवटच्या पाळीत चैत्राच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ टिकून आणखी पाच गुण जोडले. त्यानंतर नेपाळला परतीची वाट उरली नाही. तरीही त्यांच्या नावावर ४० गुण लागले. त्या आठवड्यात भारतीय महिलांविरुद्ध अन्य कोणत्याही संघाला विसाच्या पुढे जाता आले नव्हते. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत आणि २०२५ च्या विश्वचषकात महिला व पुरुष मिळून चारही अंतिम सामन्यांत भारतासमोर नेपाळच होता. धाराशिवची पुढची मुलगी जेव्हा केव्हा भारतीय संघाचा पोशाख चढवील, तेव्हा अंतिम सामन्यात तिच्यासमोर कोण असण्याचा संभव अधिक, हे आज सांगता येते. ती केव्हा, हे मात्र पुढची स्पर्धा कुणी, कुठे आणि किती वर्षांनी भरवते यावर राहील.